पुंगलीचा पूल ते पुलगाव : एका मराठा पलटणीचा प्रवास

१/
मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी धामणगाव सोडते, वर्धा नदीवरचा पूल ओलांडते आणि पुलगावला येते. येथून वर्धा जिल्हा सुरू होतो. गावाच्या नावातच पूल आहे. गावालगत भारतीय लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. देशातील असे सर्वांत मोठे भांडार हेच. वर्धा म्हटले की सेवाग्राम आणि पवनार डोळ्यांपुढे येतात, पुलगाव येत नाही. प्रस्तुत थ्रेडचा विषय एक निवडक लढाऊ पलटण आहे. तिचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे, आणि तो नीट समजून घ्यायचा तर शेवटी पुन्हा पुलगावलाच यावे लागते.

२/
या पलटणीचे आजचे नाव २ पॅरा (स्पेशल फोर्सेस). मरून रंगाची टोपी, खांद्यावरची कमांडो पट्टी, रात्रीच्या अंधारात विमानातून घेतलेली उडी, अशा प्रतिमांमधून तरुण पिढी तिला ओळखते. परंतु प्रतिमेला भूतकाळ नसतो. तो पलटणीला असतो. या पलटणीचा भूतकाळ १७९७ पर्यंत मागे जातो. या काळात तिचे नाव बदलले, क्रमांक बदलला, शस्त्रे बदलली, निशाण बदलले आणि ज्यांच्यासाठी लढायचे ते धनीही बदलले. बदलली नाही ती एकच गोष्ट : सांगितलेली जागा गाठायची आणि मागचे लोक येईपर्यंत ती सोडायची नाही.

३/
आरंभीच एक मोह टाळावा लागतो. मराठा पलटण म्हटली की शिवकालीन मावळ्यांपासून आजच्या कमांडोपर्यंत एक सरळ रेघ ओढण्याची इच्छा होते. इतिहास तितका सरळ नाही. १७९७ साली ही पलटण उभी राहिली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात. तेव्हा पुण्याला पेशवे होते, नागपूरला भोसले होते. अवघ्या सहा वर्षांनी, १८०३ मध्ये, त्याच कंपनीच्या फौजांनी आडगाव आणि गाविलगड येथे भोसल्यांचा पराभव केला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. आज पुलगावच्या प्रवाशाला दिसणारी नदी तेव्हा राज्याची सीमा झाली.

४/
मग कोकणातले आणि देशावरचे तरुण कंपनीच्या फौजेत का गेले? त्या काळी आजच्या अर्थाची राष्ट्रकल्पना रुजलेली नव्हती. शिपाईगिरी हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला व्यवसाय होता. कोकणातली जमीन तुटपुंजी, घरची तोंडे अधिक. कंपनीचा पगार ठरलेल्या दिवशी मिळे, आणि दीर्घ सेवेनंतर निवृत्तिवेतनाची आशा असे. या शिपायांना देशद्रोही ठरवणे सोपे आहे आणि त्यांना आजच्या देशभक्तीचा पोशाख चढवणेही सोपे आहे. दोन्हींत त्यांच्यावर अन्याय होतो. ते पोटासाठी भरती झाले. सोबत्याची पाठ राखणे ते पलटणीत शिकले.

५/
क्रमांकांचा गुंता येथेच सोडवलेला बरा. १८२४ च्या पुनर्रचनेत ही पलटण मुंबई लष्कराची १० वी रेजिमेंट झाली. १९०३ मध्ये किचनेर यांनी तिन्ही इलाख्यांच्या पलटणी एका माळेत ओवल्या, तेव्हा मुंबईच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले. १० ची ११० झाली : ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. १९२२ मध्ये मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण ठरली, म्हणजे ३/५ मराठा. ‘लाइट इन्फन्ट्री’ म्हणजे कमी ओझे घेऊन, चपळाईने, मुख्य फौजेच्या पुढे जाणारे पायदळ. पुढे जे घडले त्याचे बीज या दोन शब्दांत आहे.

६/
पहिल्या महायुद्धात ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुणे डिव्हिजनबरोबर होती. टायग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा येथे तुर्की फौजेने या डिव्हिजनला वेढले. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा टिकला. अन्न संपले, बाहेरून सोडवायला आलेल्या फौजा पोहोचू शकल्या नाहीत आणि शेवटी शरणागती पत्करावी लागली. १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. वाळवंटातली पायपीट आणि कैद यांत असंख्य शिपाई मेले. पलटणींच्या गौरवगाथांत कुतचे पान चटकन उलटले जाते. परंतु रसद तुटली की शूर पलटणीचेही काय होते, हे ते पान सांगते.

७/
दुसऱ्या महायुद्धात ३/५ मराठा प्रथम पूर्व आफ्रिकेत, इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर लढली. १९४१ च्या वसंतातली ती लढाई चढणीची होती : माथ्यावर इटालियन फौज, पायथ्याशी भारतीय आणि ब्रिटिश पलटणी, आणि पाण्याच्या पखाली पाठीवरून वर न्यायच्या. सह्याद्रीच्या उतारांवर वाढलेल्या माणसांना चढण नवी नव्हती. तशा कड्यावरून येणारा मशीनगनचा मारा मात्र कोणालाच ओळखीचा नव्हता. पुढे पलटण इटलीत उतरली. जर्मनांनी डोंगरामागून डोंगर लढवत माघार चालवली होती आणि प्रत्येक माथा स्वतंत्रपणे घ्यावा लागत होता.

८/
१० जुलै १९४४, टायबर नदीचे वरचे खोरे. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील त्यांच्याखेरीज सर्व जण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. हातबाँबने त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला अवधी नव्हता. बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मोर्चा हाती आला आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा बळी घेतला. आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा हा तरुण २२ वर्षांचा होता. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

९/
तोवर भारतीय सैन्यात एक नवी कल्पना आली होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत ५० पॅराशूट ब्रिगेड उभारण्यात आली. शत्रूच्या पाठीमागे आकाशातून उतरायचे, पूल किंवा नाके ताब्यात घ्यायचे आणि जमिनीवरून येणारी फौज पोहोचेपर्यंत ते टिकवायचे, हे तिचे काम. हत्यारे हलकी, दारूगोळा पाठीवर मावेल तेवढा, तोफखाना नाममात्र. म्हणजे छत्रीधारी सैनिक जमिनीवर उतरतो त्या क्षणापासूनच वेढलेला असतो. जगभरच्या हवाई पलटणींच्या इतिहासात यश आणि सर्वनाश यांत बहुधा एका गोष्टीचे अंतर असते : मदत वेळेवर आली की नाही. १९४६ मध्ये ३/५ मराठा पलटणीला छत्रीधारी करण्याचा निर्णय झाला.

१०/
फाळणीनंतर ही पलटण ५० पॅरा ब्रिगेडबरोबर जम्मूच्या नौशेरा-झांगर भागात गेली. ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्याकडे होते. २४ डिसेंबर १९४७ रोजी झांगर हातचे गेले होते. १८ मार्च १९४८ रोजी ते परत घेण्यात आले. ३ जुलैला झांगर येथेच तोफगोळ्याने उस्मान यांचे प्राण घेतले. या साऱ्या मोहिमेत छत्र्या उघडल्याच नाहीत. छत्रीधारी पलटणी साध्या पायदळासारख्या टेकड्या चढल्या, खंदक खणले, थंडीत रात्री काढल्या. निवडक सैनिकाचे बहुतेक आयुष्य असेच जाते. ज्या उडीसाठी तो घडवला जातो, ती प्रत्येक पिढीच्या वाट्याला येत नाही.

११/
त्याच मार्च १९४८ मध्ये वर्धा जिल्ह्यात काय चालले होते? गांधीजींच्या हत्येला दीड महिना झाला होता. सेवाग्रामला नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, विनोबा, जयप्रकाश अशी मंडळी जमली होती आणि गांधीजींनंतर रचनात्मक कार्याचे काय, याचा विचार करत होती. तिकडे झांगरच्या टेकड्यांवर मराठा जवान चढत होते. एकाच महिन्यात एक नवजात देश दोन प्रश्नांना सामोरा जात होता : राखायचे कसे, आणि राखलेल्याचे करायचे काय. शस्त्राचा प्रश्न आणि शांततेचा प्रश्न त्या महिन्यात एकाच पिढीपुढे होते. इतिहास वाचताना ते दोन वेगवेगळ्या पुस्तकांत ठेवले जातात.

१२/
१५ एप्रिल १९५२ रोजी पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली. पंजाब, मराठा आणि कुमाऊँ या तीन रेजिमेंटांच्या छत्रीधारी पलटणी अनुक्रमे १ पॅरा, २ पॅरा आणि ३ पॅरा झाल्या. आपली ३ (पॅरा) मराठा लाइट इन्फन्ट्री त्या दिवशी २ पॅरा (मराठा) झाली. कंसातला तो शब्द महत्त्वाचा आहे. नवे नाव देताना लष्कराने जुने पुसले नाही. केरेन, टायबर आणि झांगर यांच्या आठवणी नव्या बोधचिन्हाखाली सोबत आल्या. पुढे रेजिमेंटमध्ये देशभरातून भरती होऊ लागली. आज या पलटणीत केवळ मराठीच बोलली जाते असे नव्हे. वारसा मात्र मराठा पलटणीचाच राहिला.

१३/
डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेत उत्तरेकडून ५० पॅरा ब्रिगेड शिरली. ब्रिगेडियर सगत सिंग तिचे नेतृत्व करत होते. तीन वाटांपैकी पूर्वेकडची वाट २ पॅराकडे होती, उसगावमार्गे फोंड्याकडे जाणारी. पोर्तुगीजांनी माघार घेताना महत्त्वाचे पूल उडवून दिले होते, त्यामुळे गोव्याच्या नद्या हाच मोठा अडथळा ठरला. याही वेळी आकाशातून कोणी उतरले नाही. जे काही झाले ते चालत आणि नदी ओलांडत. पूल उडवला तर फौज अडते, पूल राखला तर फौज पुढे जाते. दहा वर्षांनी याच पलटणीच्या वाट्याला एक पूल येणार होता.

१४/
येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण समाजमाध्यमांवर तो सतत पुसला जातो. छत्रीधारी पलटण आणि स्पेशल फोर्सेस एक नव्हेत. छत्रीधारी पलटण म्हणजे आकाशातून येणारे पायदळ. ती संपूर्ण पलटण म्हणून लढते. कमांडो लहान तुकड्यांनी छापे घालतात, टेहळणी करतात, परत येतात. १९६५ च्या युद्धात मेजर मेघ सिंग यांनी ‘मेघदूत फोर्स’ उभारला आणि त्यातून १९६६ मध्ये पहिली पॅरा कमांडो पलटण जन्मली. १९७१ मध्ये सिंधमधील छाछरोवर १० पॅरा कमांडोने घातलेला छापा हे कमांडोंचे काम होते. त्याच युद्धात २ पॅराने जे केले ते छत्रीधारी पायदळाचे काम होते.

१५/
१९७१ च्या डिसेंबरातला पूर्व पाकिस्तानचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. मध्यभागी ढाका, चहूबाजूंनी रुंद नद्या. उत्तरेकडे जमालपूर आणि मैमनसिंग येथे पाकिस्तानची ९३ ब्रिगेड. तिला ढाक्याकडे परतायचे तर टांगाईलच्या रस्त्याने यावे लागे आणि टांगाईलच्या उत्तरेस लोहाजंग नदीवर पुंगलीचा पूल होता. ही ब्रिगेड सावरून ढाक्याच्या संरक्षणाला पोहोचली असती तर राजधानीची लढाई लांबली असती; दरम्यान संयुक्त राष्ट्रसंघात युद्धबंदीसाठी दबाव वाढत होता. म्हणून पुंगलीचा पूल वरून उतरून बंद करायचा असे ठरले. कामगिरी २ पॅराला मिळाली. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू.

१६/
उडी घेण्याआधी जमीन जाणावी लागते. एक भारतीय पॅरा अधिकारी कित्येक दिवस आधी सीमा ओलांडून टांगाईल भागात पोहोचला होता. उतरण्याची जागा पाहणे आणि स्थानिक मुक्तियोद्ध्यांशी जुळवून घेणे हे त्याचे काम. त्या भागात कादेर सिद्दीकी यांच्या हजारो मुक्तियोद्ध्यांचा वावर होता. शत्रूच्या मुलखात साडेसातशे माणसे उतरवण्याचे धाडस शक्य झाले ते यामुळे. तो मुलूख नकाशावर शत्रूचा असला तरी प्रत्यक्षात तेथील माणसांचा होता, आणि ती माणसे आपल्या मुक्तीसाठी स्वतः लढत होती. टांगाईलची गोष्ट केवळ भारतीय उडीची गोष्ट नव्हे.

१७/
११ डिसेंबर १९७१. कलाईकुंडा आणि दमदम येथून वाहतूक विमानांचा ताफा उडाला : पॅकेट, डकोटा, कॅरिबू, ॲन्टोनोव्ह. दुपार कलती झाली होती. टांगाईलच्या उत्तरेकडील शेतांवर छत्र्या उमलू लागल्या. स्वतंत्र भारताच्या सैन्याने युद्धात एक संपूर्ण पलटण छत्र्यांनी उतरवण्याचा हा पहिला प्रसंग होता. त्यापूर्वी, १९५१ मध्ये, कोरियात भारताच्या पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्सचे जवान उतरले होते. पण ती वैद्यकीय तुकडी होती. २ पॅराबरोबर तोफखान्याचे छत्रीधारी आणि अभियंतेही होते. झांगर आणि गोव्यात ज्याची वाट पाहिली, तो क्षण पलटणीला २५ वर्षांनी मिळाला.

१८/
चित्रपटात उडीनंतर लगेच लढाई सुरू होते. प्रत्यक्षात उडीनंतर शोधाशोध सुरू होते. माणसे पांगलेली, सामानाचे गठ्ठे तळ्यांत आणि चिखलात पडलेले, काही तर ठरल्या जागेपासून मैलोन्‌मैल दूर. हिवाळ्यातला सूर्य लवकर मावळतो आणि अंधार पडण्याआधी पूल गाठायचा होता. तेव्हा आसपासच्या गावांतून माणसे धावत आली. त्यांनी दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेतल्या, वाट दाखवली, पडलेले सामान शोधून दिले. इतिहासात त्यांची नावे नाहीत. परंतु त्या संध्याकाळी त्यांनी वाहिलेल्या पेट्या नसत्या तर रात्रीच्या लढाईत बंदुका मुक्या झाल्या असत्या.

१९/
त्याच संध्याकाळी पुंगलीचा पूल २ पॅराच्या हाती आला. पलटणीने पुलाच्या बाजूंना मोर्चे बांधले. रात्री उत्तरेकडून माघार घेणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या वाहनांतून आल्या. पुढे रस्ता बंद आहे याची त्यांना कल्पना नव्हती. त्यानंतर मोर्चे फोडून वाट काढण्याचे प्रयत्न झाले आणि ते परतवले गेले. येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायला हवी : ९३ ब्रिगेडच्या काही तुकड्या पूल बंद होण्याआधीच पलीकडे गेल्या होत्या. सापळा पूर्ण नव्हता. पण संघटित ब्रिगेड म्हणून ती फौज ढाक्याला पोहोचू शकली नाही आणि तिचा प्रमुख ब्रिगेडियर कादिर खान पुढे कैद झाला.

२०/
छत्रीधारी पलटणीचे खरे घड्याळ उतरल्यापासून चालू होते : मागचे लोक कधी येणार? उत्तरेकडून जमालपूरची लढाई जिंकून जी पलटण रस्त्याने येत होती ती होती १ मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजेच जंगी पलटण, १७६८ सालची. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल कुलदीप सिंग ब्रार. १२ डिसेंबरला ती पुंगलीला पोहोचली. कुतच्या वेढ्यात १०३ आणि ११० या क्रमांकांनी ज्या दोन पलटणी एकत्र उपाशी राहिल्या, त्याच ५५ वर्षांनी बंगालमधल्या एका पुलावर भेटल्या. कुतला मदत पोहोचली नव्हती. पुंगलीला ती एका दिवसात पोहोचली. दोन्हीकडच्या शौर्यात फरक नव्हता. फरक पाठीमागून येणाऱ्यांचा होता.

२१/
आता या थ्रेडमधील सर्वांत बोधप्रद प्रसंग. उडीची बातमी जगभर गेली आणि तिच्याबरोबर एक छायाचित्र गेले : आकाशभर छत्र्याच छत्र्या. परदेशी वृत्तपत्रांनी संपूर्ण ब्रिगेड, पाच हजार सैनिक उतरल्याचे छापले. ते छायाचित्र टांगाईलचे नव्हतेच. संरक्षण मंत्रालयाचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी आग्र्याच्या एका जुन्या सरावातले चित्र वृत्तसंस्थांना दिले होते. उतरलेले होते साडेसातशेच्या आसपास. ढाक्यातील सेनापतींच्या मनात उतरले ते पाच हजार. आजही अनेक पोस्टमध्ये तेच चित्र ‘टांगाईल १९७१’ म्हणून फिरते. चित्र खरे आहे, उडी खरी आहे. त्या दोघांची सांगड तेवढी खोटी आहे.

२२/
यानंतर घटना वेगाने घडल्या. टांगाईल घेऊन फौज दक्षिणेकडे वळली. १६ डिसेंबरच्या सकाळी २ पॅराचे जवान ढाक्याच्या वेशीवर मीरपूरच्या पुलापाशी होते. मेजर जनरल गंधर्व नागरा यांनी नियाझींना चिठ्ठी धाडली आणि त्यानंतर शहरात शिरलेल्या पहिल्या भारतीय तुकड्यांत २ पॅरा होती. दुपारी रमना रेसकोर्सवर शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. सुमारे ९३,००० जण कैद झाले. पन्नू यांना महावीर चक्र मिळाले. एका उडीने ढाका पडले, असे कोणी म्हणू नये. नद्या ओलांडणाऱ्या फौजा, वायुदल, नौदल आणि नऊ महिने लढलेले मुक्तियोद्धे, या साऱ्यांचे ते फळ होते. पुंगली हा त्यातला एक पूल होता.

२३/
पुढे युद्धाचे रूप बदलले. मोठ्या हवाई उड्यांऐवजी लहान तुकड्यांच्या गुप्त मोहिमांना महत्त्व आले आणि २००० च्या सुमारास २ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतरित झाली. त्याआधी १९९६ मध्ये २१ मराठा लाइट इन्फन्ट्रीने हीच वाट धरली. ती २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली आणि ‘वाघनख’ हे नाव तिने मिरवले. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच २१ पॅराचे अधिकारी. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा येथे त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र देण्यात आले.

२४/
महाडिक यांची गोष्ट बहुतेक पोस्टमध्ये येथे संपते. प्रत्यक्षात ती येथे संपत नाही. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची सवलत मिळवून निवड परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लष्करात लेफ्टनंट झाल्या. त्यांना मिळाला तो विभाग होता आर्मी ऑर्डनन्स कोअर. ज्याच्यावर चित्रपट निघत नाहीत, असा हा विभाग. बंदुका, गोळ्या, छत्र्या, बूट, तंबू यांपैकी सैनिकाला जे लागते ते वेळेवर आणि सुस्थितीत पोहोचवणे हे त्याचे काम. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार चालवते ते हेच ऑर्डनन्स कोअर.

२५/
म्हणून हा प्रवास पुलगावला येऊन थांबतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या या भांडारात कारखान्यांतून दारूगोळा येतो, तपासला जातो, साठवला जातो आणि पुढच्या ठाण्यांकडे रवाना होतो. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे भीषण स्फोट झाले. बहुतेक जण ज्या दिशेने पळाले असते तिच्या उलट दिशेने काही माणसे गेली, आग इतर कोठारांपर्यंत पोहोचू नये म्हणून. दोन सेनाधिकारी आणि भांडाराचे अग्निशामक जवान त्यांत प्राणाला मुकले. त्यांच्या खांद्यावर कमांडो पट्टी नव्हती. सांगितलेली जागा त्यांनीही सोडली नाही.

२६/
‘एलीट’ या शब्दाला मराठीत निवडक म्हणतात. निवड होते ती शरीराची, मनाची, संयमाची. आणि २ पॅरासारख्या पलटणींनी ती निवड वारंवार सार्थ केली आहे. पण इतिहासाचा अभ्यासक केवळ उडी मोजत नाही. तो विचारतो : पेट्या कोणी भरल्या, वाट कोणी दाखवली, रस्त्याने चालत कोण आले, आणि जिथे कोणीच आले नाही तिथे काय झाले? कुत आणि पुंगली यांच्यामधले अंतर या प्रश्नांनीच मोजता येते. पुढच्या वेळी गाडी वर्धा नदीचा पूल ओलांडून पुलगावला थांबेल, तेव्हा खिडकीतून बाहेर पाहावे. फलाट साधाच दिसेल. त्या भांडारावर विसंबून रात्र काढणारी एखादी तुकडी त्या वेळी कोठेतरी दूरच्या डोंगरावर असेल.